तीस सेंटिमीटरांची चूक

माझी वहिनी जंगलातून माती काढून आणते आणि मी ती सुकवते. दादाचा आणि माझा संसार एकाच घरात, आणि एकोणतीस वर्षं आमचं असंच चाललंय. ती लग्न होऊन आली तेव्हा मी वनसंशोधन केंद्रात नुकतीच लागले होते, आणि माती काढणाऱ्याची जागा रिकामी आहे हे मीच तिला सांगितलं. तिच्या खांद्याचं जे वाटोळं झालं त्याला मी जबाबदार आहे, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर दादा ते कबूल करून घेतोच, रोज, जेवताना.

तिचं काम सांगायला सोपं आहे. मनगटाएवढी जाड पोलादी नळी जमिनीवर उभी धरायची, वरून हातोड्याने ठोकत तीस सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत आत घालायची, पिळून वर ओढायची आणि आतली माती पिशवीत काढून पिशवीवर जागा आणि तारीख लिहायची. करून बघा म्हणजे कळेल. मी एकदा हौसेने गेले होते, दोन नळ्यांत माझा जीव गेला आणि पुढे आठवडाभर मला केस विंचरता येईनात. वहिनी दिवसाला चाळीस काढते. उंची बघाल तर माझ्या कानापर्यंत, बोलणं त्याहून कमी. रागावली तरी बोलत नाही, भांडी जरा जोरात ठेवते, त्यावरून आम्ही काय ते समजायचं. केंद्राच्या बैठकीत तिने एकोणतीस वर्षांत तोंड उघडलं असेल तर फक्त जांभई द्यायला.

पिशव्या माझ्याकडे येतात. मी खडे आणि मुळं वेचते, ओव्हनमध्ये माती दिवसभर सुकवते, काट्यावर ठेवते, चाळते, आणि शेजारच्या खोलीत देते. तिथलं यंत्र सांगतं की या मातीत शेकडा किती कर्ब, म्हणजे कार्बन, आहे. वजनाला त्याने गुणलं की नळीभर मातीत किती कर्ब ते कळतं, आणि त्यावरून अख्ख्या उताराचा हिशोब करता येतो.

आता कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला. झाड हवेतला कर्ब ओढून घेतं हे शाळेतली पोरंही सांगतील. पण तो सगळा खोडात नसतो. पानं गळतात, काटक्या पडतात, मुळं कुजतात, आणि त्यातला बराचसा कर्ब खाली मातीत जाऊन बसतो, तोही वर्षानुवर्षं. आमच्या खोऱ्यात लाकूड जाळून वीज करणारं वीजघर आहे. आधी ते फक्त खोडं न्यायचे. जाळलेला कर्ब नवी झाडं परत ओढून घेतील, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे, फक्त जाळायला एक दिवस लागतो आणि परत यायला पन्नास वर्षं. मग त्यांना फांद्या हव्या झाल्या, मग शेंडे, मग जमिनीतले बुंधेसुद्धा. उतार झाडून नेल्यासारखा.

म्हणून सहा वर्षांपूर्वी पूर्वेच्या उताराच्या पायथ्याशी दोन तुकडे आखले. पहिल्या तुकड्यातली खोडं तेवढी नेली, फांद्या आणि पानं तिथंच पसरून ठेवली. दुसऱ्यातलं सगळंच्या सगळं नेलं. दोन्हीकडे पुन्हा सारखीच रोपं लावली. माती तोडणीच्या आधी एकदा काढलेलीच होती, नंतर वहिनी दर वर्षी दोन्हीकडची काढू लागली. आता वरचा अख्खा उतार तोडायला आला होता. फांद्या आणि बुंधे ठेवायचे की न्यायचे, ते सोमवारी ठरणार होतं, आणि ठरणार होतं ते वहिनीच्या मातीवरून.

मंगळवारी अहवाल आला. तो केला होता आमच्या आकडेवाल्याने. पोरगा गुणी आहे, लाघवी आहे, फक्त मातीला कधी हात लावलेला नाही. अहवालात म्हटलं होतं की पहिल्या तुकड्यात हेक्टरी सत्त्याऐंशी टन कर्ब आहे आणि दुसऱ्यात चौऱ्याण्णव. म्हणजे सगळं ओरबाडून नेलं तिथं सात टन जास्त. मी अहवाल वहिनीला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं, उठली आणि पातेलं असं आदळलं की दादा बाहेरच्या खोलीतून उठून आला.

"दुसऱ्या तुकड्यातली रोपं सहा वर्षांत माझ्या गुडघ्यापर्यंत आलीत," ती म्हणाली. "पिवळी पडलीत. पहिल्यातली माझ्या डोक्यावरून गेली. आणि म्हणे माती सुधारली."

मी म्हटलं, मग उभी राहून सांग तसं. त्यावर ती म्हणाली की काय सांगू, आकडे माझ्याच नळीतून निघालेत. हे तिने इतक्या हळू आवाजात म्हटलं की माझं डोकंच फिरलं. माझा राग कुणावरही निघतो. त्या दिवशी तो दादावर निघाला.

पुढचे तीन दिवस ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. त्या उतारावरची झाडं तिने पहिल्या वर्षी काठीएवढी पाहिलेली. खालची काळीभोर भुसभुशीत माती तिने बोटांत चोळून चोळून ओळखीची केलेली. आणि आता तिचीच माती पुढे करून तिथं सगळं खरवडून न्यायचं म्हणत होते. स्वतःच्या हातांवरचाच विश्वास उडालाय, असं ती मला म्हणाली. एकोणतीस वर्षं तेच तर काम करत होते, आता ते हातच खोटे ठरत असतील तर मी कोण, असं तिने विचारलं. मी तिच्यापुढे ताट सरकवलं.

शनिवारी आमची अर्धी सुट्टी. मी सुकवणीच्या खोलीत सहा वर्षांच्या वजनांची वही काढून बसले होते आणि वहिनी रिकाम्या पिशव्या घड्या घालून ठेवत होती. या पिशव्या आम्ही टाकत नाही, कापडी असतात, जुन्या सगळ्या खालच्या कपाटात आहेत. वही बघता बघता माझ्या लक्षात आलं की पहिल्या तुकड्यातली नळीभर माती सुकल्यावर पाचशे नव्वद ग्रॅमच्या आसपास भरते. दुसऱ्यातली तोडणीच्या आधी तेवढीच भरायची. तोडणीनंतर सातशे पस्तीस. दर वर्षी. मी हे आकडे स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि माझ्या मठ्ठ डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नव्हतं.

मी लगेच वहिनीवर खेकसले. म्हटलं, दुसऱ्या तुकड्यात तू नळी ठासून भरतेस, म्हणून हा गोंधळ झालाय.

तिचा चेहरा पडला. तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "मी नाही ठासत. नळी खुणेपर्यंत जाते, तिथं थांबते. तिकडची जमीनच घट्ट आहे. तेहतीस ठोके लागतात."

"तेहतीस कुणी मोजले?"

"मीच. पिशवीवर लिहिते की."

आता ही गंमत ऐका. प्रत्येक पिशवीच्या खालच्या कोपऱ्यात वहिनी बारीक अक्षरात एक आकडा लिहायची. मी त्यावरून तिला शंभरदा बोलले होते. पिशव्या घाण करतेस, धोब्याचे आकडे आहेत का हे, असलं काय काय. ती हसायची आणि पुन्हा लिहायची. खांदा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरने विचारलं होतं की दिवसात किती वेळा हातोडा मारता, तेव्हापासून ती प्रत्येक नळीचे ठोके मोजून लिहीत होती. डॉक्टर बदलला, खांदा तसाच राहिला, मोजणं सुटलं नाही.

आम्ही कपाट उघडलं आणि पिशव्या जमिनीवर मांडत सुटलो. पहिला तुकडा: पंधरा, चौदा, सोळा, पंधरा. सहाही वर्षं तेच. दुसरा तुकडा, तोडणीच्या आधीच्या पिशव्या: पंधरा, पंधरा, चौदा. तोडणीनंतरच्या: एकतीस, तेहतीस, चौतीस. मी एकेक पिशवी उचलून आकडा वाचत होते आणि ती वहीतलं वजन सांगत होती, आणि एकही जोडी चुकत नव्हती.

आमच्या घरी पिठाच्या डब्यावरून कायम वाद होतो. दोन किलोच्या डब्यात वहिनी अडीच किलो पीठ बसवते. वाटीने दाबून दाबून. मी म्हणते दुसरा डबा घे, ती म्हणते याच्यात मावतंय की. मी ओरडलेच, "वहिनी, पीठ." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. दुसऱ्या तुकड्यावरून अवजड यंत्रं उघड्या जमिनीवर फिरली होती. पहिल्यात ती फांद्यांच्या थरावरून गेली होती, म्हणून तिथली माती दबली नव्हती. दुसऱ्यातली दबली. दबलेल्या जमिनीत तीस सेंटिमीटर नळी घातली की आधीपेक्षा जास्त माती आत येते. जास्त माती म्हणजे जास्त कर्ब. कर्ब वाढला नव्हताच, नळीत माती वाढली होती.

"म्हणजे पूर्वीएवढीच माती घ्यायची तर नळी तीसपर्यंत घालायचीच नाही," वहिनी म्हणाली. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पिशवीवरच गणित मांडलं. पाचशे नव्वद भागिले सातशे पस्तीस गुणिले तीस. आलं चोवीस. राहिलेले सहा सेंटिमीटर म्हणजे खालची माती, जी तोडणीच्या आधी आमच्या नळीत कधी आलीच नव्हती. तीस सेंटिमीटर मोजायचं हे पुस्तकात लिहिलेलं, सगळे तेच करतात, आम्हीही केलं. पण तीस कुठून मोजायचं? जमिनीच्या वरच्या पातळीपासून. आणि ती पातळीच खाली गेली असेल तर?

जेवणाचे डबे तसेच राहिले. आम्ही केंद्राची गाडी काढली, वहिनी चालवत होती, आणि एरवी बैलगाडीच्या वेगाने जाणारी ही बाई त्या दिवशी वळणावर अशी गेली की मी दाराला धरून बसले. दुसऱ्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या होत्या. त्या आखणीच्या वेळी जमिनीच्या पातळीला येईपर्यंत ठोकलेल्या, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून. खाली खडकापर्यंत गेलेल्या, त्या हलण्यातल्या नव्हत्या. वहिनीने गवत बाजूला सारलं. खुंटीचं डोकं जमिनीच्या वर आलं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि टेप लावली. सहा सेंटिमीटरला दोन मिलिमीटर कमी. दुसरी खुंटी, सहा. तिसरी, पावणेसहा. चौथी, सहा.

मी तिथं अक्षरशः नाचले. पन्नाशी ओलांडलेली बाई, पायात एक बूट आणि एक चिखलाचा गोळा, त्या पिवळ्या रोपांमध्ये उड्या मारत होते. वहिनी जमिनीवर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि नवरा हे वाचणार आहे हे माहीत असून लिहितेय.

मग कामाला लागलो. चोवीसवर नवी खूण केली आणि संध्याकाळच्या आत बारा नळ्या काढल्या. ताडून पाहायला पहिल्या तुकड्यातल्याही बारा, तीसच्या खुणेपर्यंत. एक नळी मी ठोकली, बाकीच्या तेवीस तिने; रात्रीच सगळी माती ओव्हनमध्ये गेली. रविवारी आकडेवाल्याला फोन केला. मला वाटलं होतं हुज्जत घालेल. तो धावत आला, वही पाहिली, पिशव्या पाहिल्या, आणि खुर्चीत बसला. मग वहिनीला म्हणाला की मावशी, ठोक्यांचे आकडे कुणी मागितले असते तर हे पहिल्याच वर्षी कळलं असतं. मी म्हटलं, तू मागितलेस का? तो कानापर्यंत लाल झाला, आणि सोमवारी सकाळी स्वतः यंत्रापाशी उभा राहून एकेक आकडा उतरवून घेतला. पहिला तुकडा सत्त्याऐंशी. दुसरा, तेवढ्याच मातीत, अठ्ठ्याहत्तर. सात जास्त नव्हते. नऊ कमी होते.

बैठक अकराला होती. लांब टेबल, एका टोकाला केंद्राच्या मोठ्या बाई, दुसऱ्या टोकाला वीजघराचे साहेब. आकडेवाल्याने आधीच उभं राहून सांगितलं की माझा अहवाल चुकलाय आणि तो का चुकलाय ते मावशी सांगतील. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. वहिनी उठली. तिने पिशव्या टेबलावर मांडल्या, खुंटीचं सांगितलं, डब्यातल्या पिठाचंसुद्धा सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

वीजघराचे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग उलट प्रश्न केला. ते म्हणाले, "आठ वर्षांपूर्वी पश्चिमेच्या उतारावर असाच प्रयोग झाला होता. हीच नळी, हीच तीसची खूण. कर्ब थोडा वाढला असं निघालं, म्हणून तो सगळा उतार आम्ही बुंध्यांसकट नेला. तेव्हा तुम्ही का नाही बोललात? आज आकडे आवडले नाहीत म्हणून चूक सापडली का?"

मला ओरडावंसं वाटत होतं, पण प्रश्न खरा होता. तिथली वजनंही माझ्याच वहीत होती.

वहिनीने टेबलाची कड धरली. "हो," ती म्हणाली. "तेव्हा आकडे मला आवडले होते. माझ्या मातीत कर्ब वाढला म्हणून मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. चांगली बातमी होती, म्हणून मी ती तपासली नाही. ठोके तेव्हाही जास्त लागत होते. मी ते लिहिले आणि पिशवी दिली."

एवढं बोलून ती बसली नाही. उभीच राहिली. "पश्चिमेचा अहवालही दुरुस्त करा," ती म्हणाली. "त्यावर माझं नाव घाला."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साहेबांकडे बघून त्या म्हणाल्या की पूर्वेच्या उतारावरून फक्त खोडं जातील, फांद्या आणि बुंधे तिथंच राहतील, आणि यंत्रं फांद्यांच्या थरावरूनच चालतील. साहेबांनी मान डोलावली. त्यांनी एवढंच विचारलं की पश्चिमेचं आता काय करता येईल. मोठ्या बाईंनी तो प्रश्न कागदावर टिपून घेतला.

बाहेर जिन्यात मी वहिनीला मिठी मारली. मी हसत होते, रडत होते, काय काय बडबडत होते, उतार वाचला, उतार वाचला म्हणून तिला गदागदा हलवत होते. तिनेही मला घट्ट धरलं. ती खूश होती, त्या धरण्यावरूनच मला कळत होतं. मग तिने माझा हात सोडवला.

"पश्चिमेचा उतार नेल्यानंतर मी तिथं एकदाही गेले नाही," ती म्हणाली. "तिथं पुन्हा मोजायला कुणी सांगितलं नाही, म्हणून. चल."

आम्ही त्याच दुपारी गेलो.